ज्यूद्वेषाविरुद्ध खास दूत नेमून खरंच काही होतं का?

पारिजातक:
अमेरिकेने २००४ ला कायदा करून परराष्ट्र खात्यात ज्यूद्वेषावर लक्ष ठेवणारा खास दूत आणला, २०२४ ला ऑस्ट्रेलियानेही नेमला. माझ्या मते हे हवंच. द्वेष पसरवणारे सीमा मानत नाहीत, मग नुसते लोकल पोलीस काय करणार? जुलै २०२४ मध्ये अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सला बऱ्याच देशांनी मिळून मार्गदर्शक तत्त्वंही मान्य केली.

खडूस_काका:
आणि ब्युनोस आयर्सच का, तर तिथल्या आमिया या ज्यू संस्थेच्या इमारतीतल्या बॉम्बस्फोटाला ३० वर्षं झाली म्हणून. १९९४, ८५ माणसं गेली, २००७ ला इंटरपोलच्या रेड नोटिसा निघाल्या पण इराणचा एकही आरोपी अधिकारी कोर्टापुढे आला नाही. त्या घरच्यांनी तुमची तत्त्वं घेऊन काय करायचं?

पारिजातक:
काका राग बरोबर आहे, पण ऑस्ट्रेलिया बघा ना. मेलबर्नच्या सिनेगॉगला (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला) डिसेंबर २०२४ मध्ये आग लावली, त्यामागे इराण आहे असं त्यांच्या गुप्तचर खात्याने सांगितलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने इराणच्या राजदूतालाच देशाबाहेर काढलं, दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच असं झालं. इराणने आरोप नाकारला, पण किंमत मोजावी लागलीच की.

सई_पुणे:
राजदूत हाकलायला मी पूर्ण पाठिंबा देईन, माझा आक्षेप व्याख्येवर आहे. आयएचआरए या होलोकॉस्टच्या स्मृती जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०१६ ची ज्यूद्वेषाची व्याख्या हे दूत देशोदेशी घेऊन फिरतात, तिच्या ११ उदाहरणांतली बरीचशी इस्रायलबद्दल आहेत. मसुदा लिहिणारे केनेथ स्टर्न स्वतः सांगतायत की कॉलेजात बोलणाऱ्यांची तोंडं बंद करायला ती वापरू नका. गाझाबद्दल बोलणारी पोरं आणि सिनेगॉग जाळणारे एकाच यादीत टाकले तर खऱ्या ज्यूद्वेषाकडे कोण गंभीरपणे बघेल?

खडूस_काका:
+१ सई

अलिबागवाला:
सई, पण त्याच व्याख्येत लिहिलंय की इतर कुठल्याही देशावर करतो तशी टीका इस्रायलवर केली तर तो ज्यूद्वेष नाही, ते वाक्य लोक सोडून देतात. आणि काका, आपलं कुलाब्याचं नरिमन हाऊस, ते ज्यू केंद्र, आठवा. २००८ च्या मुंबई हल्ल्यात तिथे रब्बी (ज्यू धर्मगुरू) आणि त्यांची बायको मारली गेली, हल्लेखोर पाकिस्तानातून आलेले. त्याच हल्ल्यातल्या आरोपी तहव्वूर राणाला अमेरिकेतून एप्रिल २०२५ मध्ये इथे आणलं ते प्रत्यार्पण करार आणि सरकारांच्या पाठपुराव्यामुळेच ना?

खडूस_काका:
आणलं, मान्य. पण सोळा वर्षांनी! आणि त्यात ज्यूद्वेषाच्या दूताचा काय संबंध, ते काम वकिलांचं आणि तपास यंत्रणांचं. तोच पैसा सिनेगॉगच्या बंदोबस्तावर घाला.