पेट्रोलची पाणबुडी : नाइलाज की हट्ट?

सागरगोटा (धागाकर्ता)

परवा इथेच एका धाग्यात 'गॅरेजवाले नाना' लिहून गेले, "ब्रिटिशांची पहिली स्वतःच्या डिझाइनची पाणबुडी ए-१ पेट्रोलच्या स्फोटात बुडाली. पेट्रोलच्या टाकीत माणसं बसवणारे ते आरमारवाले खुनीच." खाली +१ ची रांग लागलेली. एकानेही तपासून बघू नये?

ए-१ स्फोटाने बुडाली नाही. १८ मार्च १९०४ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सोलेंट खाडीच्या बाजूला सराव चालू होता. ए-१ 'जुनो' या क्रूझरवर लुटुपुटूचा हल्ला करायला निघाली होती. आतल्यांचं सगळं लक्ष जुनोवर, आणि 'बर्विक कॅसल' हे प्रवासी जहाज थेट अंगावरून गेलं. जहाजावरच्यांना वाटलं, सरावातला टॉर्पेडो लागला. आतले अकराच्या अकरा गेले. महिन्याभराने तिला वर काढलं, दुरुस्त केलं. पुढच्या पाणबुड्यांत वरून आत उतरायच्या मनोऱ्याच्या तळाशीही एक झडप बसवायला लागले, ती या अपघातामुळेच. १९११ मध्ये ती पुन्हा बुडाली, तेव्हा आत कुणी नव्हतं.

राहिलं पेट्रोल. १९०२ साली दुसरं होतं काय? वाफेवर चालवायची तर डुबी मारण्याआधी बॉयलर विझवत बसा. डिझेल तेव्हा समुद्रात नेण्याइतकं तयार नव्हतं. जॉन हॉलंड या पाणबुडी बांधणाऱ्याने वर असताना पेट्रोल, पाण्याखाली बॅटरी ही जोडी जमवून दाखवली, आणि बरेच जण तीच घेऊन निघाले. याला नाइलाज म्हणतात, खून नाही.

गॅरेजवाले नाना

नाव घेऊन धागा काढलात, आभार. आता ए-५ कुठे गाळलीत तेही सांगा. फेब्रुवारी १९०५, आयर्लंडचं क्वीन्सटाउन बंदर. पेट्रोल भरून झाल्यावर आत स्फोट, मग थोड्या वेळाने दुसरा. अकरांपैकी सहा मेले. हेही 'अंगावरून जहाज गेलं' का?

माझं गॅरेज तीस वर्षं आहे. एका थंडीत शटर अर्ध्यावर ओढून पोरगा परातीत पेट्रोल घेऊन कार्बोरेटर धूत बसला होता. तासाभराने बघतो तर हा एकटाच हसतोय. विचारलं तर म्हणे, "नाना, पाना हलतोय." बाहेर ओट्यावर नेऊन बसवला, मग भडाभडा ओकला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, तळाला साचते, बाहेर जात नाही. आणि तिथे तर खाली बॅटऱ्या, वर स्विच. एक ठिणगी पुरे. त्या पाणबुड्यांतले खलाशी असेच झिंगायचे. हे कळायला आरमारात ॲडमिरल असावं लागत नाही.

सागरगोटा

ए-५ मान्य. गाळली नाही, धागा ए-१ बद्दल होता. तुमच्या पोराबद्दल वाईट वाटलं, पण परातीवरून आरमाराचं धोरण ठरत नाही.

हर्णैकर

नानांशी सहमत. आमच्या बाबांची होडी होती, आउटबोर्ड इंजिनाची. दोरी ओढून पेट्रोलवर चालू करायचं, तापलं की रॉकेलवर टाकायचं, किनारा जवळ आला की परत पेट्रोल. पेट्रोलचा कॅन बाबा कायम नाळीकडे ठेवायचे, उन्हात तापला तरी चालेल. कॅन तळात ठेवला म्हणून मी एकदाच कानाखाली खाल्लीय. त्या वेळी त्यांच्या तोंडात विडी होती, हा भाग वेगळा.

माझा प्रश्न साधा आहे : त्यांना रॉकेल सुचलं नाही?

सागरगोटा

जर्मनांना सुचलं. त्यांची पहिली यू-१, १९०६ सालची, रॉकेलवरच. पण पांढऱ्या धुराचे असे लोट, की पाणबुडी आली हे क्षितिजावरून कळावं. म्हणजे लपायची बोट आणि वर धूर!

हर्णैकर

धूर तर होणारच, तेल कसलं मिळतं त्यावर असतं. आमच्याकडे परवान्यावर रॉकेल यायचं, तेही महिन्याच्या शेवटी. वाटप कोण करायचं त्याचं नाव घेत नाही. कॅन भरला म्हणून सही घ्यायचे आणि चार बोटं कमी. त्यात पाणी. मधल्या समुद्रात इंजिन खोकायला लागलं की बाबा त्या माणसाच्या सात पिढ्या काढायचे.

चहा_बिस्कीट

आमच्याकडे रेशनवर तेच. रांगेत नंबर आला की "संपलं". मागच्या दाराने रिक्षावाल्यांना. मग त्या रिक्षा गावभर पांढरा धूर सोडत फिरायच्या, अगदी यू-१.

हर्णैकर

रिक्षावाल्यांना निदान मिळायचं तरी! मच्छीमाराला सही, शिक्का, परत सही...

अवंती_पोर्ट्समथ

अहो, हा धागा पाणबुडीचा आहे की शिधावाटपाचा?

मी गोस्पोर्टच्या संग्रहालयात हॉलंड-१ च्या आत जाऊन आले आहे. ती ए-१ च्याही आधीची, १९०१ ला बॅरोमध्ये पाण्यात सोडलेली. भंगारात विकली, ओढून नेताना १९१३ मध्ये बुडाली, १९८२ ला वर काढली. आत एकच लांब खोली, भिंत नाही, पडदा नाही. या टोकाला टॉर्पेडोची नळी, त्या टोकाला पेट्रोलचं इंजिन, मधे आठ माणसं. मी इंजिनापाशी उभी होते आणि बाहेर पडायची शिडी दूर मधोमध. "पेट्रोलच्या टाकीत माणसं" हे नानांचं वाक्य तिथे मला अतिशयोक्ती वाटलं नसतं.

आणि हॉलंड मूळचा आयरिश. आधीची बोट त्याने ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या फिनियनांच्या पैशांतून बांधली. पुढे त्याचंच डिझाइन ब्रिटिश आरमाराने विकत घेतलं. याबद्दल कुणीच कसं बोलत नाही?

सागरगोटा

कारण सगळे रॉकेलच्या रांगेत उभे आहेत.

निळा_गणवेश

मी फॉक्सट्रॉटवर होतो, सोव्हिएत बनावटीची पाणबुडी, डिझेल. 'खुनी' शब्द खटकला. ज्यांनी पाणबुडी पाहिलेली नाही त्यांनी जरा जपून. त्या पेट्रोलच्या पाणबुड्यांत जाणाऱ्यांना धोका माहीत होता, त्यासाठी जादा पैसे मिळायचे. पिंजऱ्यात पांढरे उंदीर ठेवायचे, हवा बिघडली की आधी ते कोलमडायचे. पेट्रोल गेल्यावरही बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन निघतोच, खारं पाणी शिरलं तर क्लोरीन. आम्ही हायड्रोजनचा आकडा देवासारखा बघायचो. मग आम्हाला पाठवणारेही खुनी?

गॅरेजवाले नाना

साहेब, तुमचा मान आहे. पण "पाहिलेली नाही" हे बंद करा. मी आयुष्यभर इंजिनच पाहिलीयत.

बरं, १९०२ चा नाइलाज मान्य. पुढे? फ्रेंचांनी १९०४ मध्ये 'एग्रेत' डिझेलवर पाण्यात सोडली. ब्रिटिशांनी स्वतः ए-१३ मध्ये जड तेलाचं इंजिन घालून बघितलं. १९०५ ला ए-५ मध्ये माणसं मेली. आणि त्यानंतर १९१० पर्यंत ३८ सी-वर्गाच्या पाणबुड्या बांधल्या, पेट्रोलच्याच! डी-१ डिझेलवर १९०८ मध्ये पाण्यात उतरलेली असताना! आता कुठला नाइलाज? हा हट्ट.

सागरगोटा

ए-१३ चं इंजिन पेट्रोलपेक्षा जड होतं, छोट्या बोटीत ते वजन परवडत नाही. सी-वर्ग किनारा राखायला, स्वस्तात, भराभर हवा होता. आणि त्या निकामी नव्हत्या. १९१५ मध्ये सी-२४ ने एका मासेमारी ट्रॉलरच्या मागे दोरावर पाण्याखाली राहून जर्मनांची यू-४० पाणबुडी बुडवली. १९१८ ला बेल्जियममधल्या झीब्रुग बंदराच्या धक्क्याचा पूल उडवला तोही सी-३ ने.

गॅरेजवाले नाना

सी-३ त्यांनी पोटात स्फोटकं भरून मुद्दाम उडवली. म्हणजे शेवटी त्यांनाही कळलं, ही कशासाठी चांगली!

निळा_गणवेश

हे मात्र हसवलंत.

सागरगोटा

ठीक. सी-वर्गाचं शेवटचं डझनभर तरी डिझेलवर व्हायला हवं होतं, एवढं देतो. जास्त मागू नका.

गॅरेजवाले नाना

मीही देतो. ए-१ बर्विक कॅसलनेच बुडवली, जुन्या धाग्यात तसं दुरुस्त केलंय. 'खुनी' काढलेलं नाही. ए-५ साठी ठेवलंय.

अवंती_पोर्ट्समथ

हॉलंडबद्दल अजूनही कुणी बोललेलं नाही. असो.

हर्णैकर

नाना, बाबांचं ते इंजिन अजून पडवीत आहे. कार्बोरेटर गेलाय, रॉकेल-पेट्रोल दोन्हीचा. तुमच्याकडे जुना असला तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

गॅरेजवाले नाना

फोटो टाका. धुवून पाठवतो, शटर पूर्ण उघडं ठेवून.