सिरोसिसमध्ये हिमोग्लोबिन ७.८ असूनही रक्त का चढवत नाहीत?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर)
माझ्या वडिलांना यकृताचा सिरोसिस (यकृतात व्रण साचून ते कडक होण्याचा आजार) आहे. ताज्या तपासणीत हिमोग्लोबिन ७.८ आले. रक्तदाब ९६/५८ च्या आसपास असतो, नाडी शंभराच्या वर जाते आणि एक जिना चढला तरी धाप लागते. तळहात मात्र गरम आणि लालसर असतात. घरातले सगळे रक्त द्यायला तयार आहेत, पण डॉक्टर तूर्तास नको म्हणतात. असे का, हे कृपया समजावून सांगावे.

उत्तर १
सिरोसिसमध्ये विशेषतः पोटातील अवयवांच्या रक्तवाहिन्या शरीरातच तयार होणाऱ्या नायट्रिक ऑक्साइड या वायूमुळे सैल पडतात. त्यामुळे रक्तदाब उतरतो, तो सावरायला हृदयाला अधिक रक्त फेकावे लागते, आणि म्हणूनच दाब कमी असूनही हात गरम लागतात. रक्तातले हिमोग्लोबिन या वायूला टिपून घेत असते. ते घटले की वाहिन्या आणखी सैलावतात, शिवाय रक्त पातळ झाल्याने प्रवाहाला होणारा अडथळाही कमी होतो. मूत्रपिंडांना मात्र रक्त अपुरे पडल्यासारखे वाटते, ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात, आणि पायांवरची सूज व पोटातले पाणी वाढते. ठेचा, लोणचे, पापड यांवर म्हणूनच खरोखर बंधन हवे.

उत्तर २
डॉक्टरांचे म्हणणे मला योग्य वाटते. जास्त रक्त चढवले की यकृताकडे जाणाऱ्या शिरेतला दाब वाढतो आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटण्याची भीती असते. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी पचनमार्गाच्या वरच्या भागात रक्तस्राव झालेल्या ९२१ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला; त्यात हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले रुग्ण, ९ च्या खाली येताच रक्त दिलेल्यांपेक्षा अधिक संख्येने वाचले. अर्थात छातीत दुखत असेल किंवा हृदयविकार असेल, तर निर्णय वेगळा होऊ शकतो.

उत्तर ३
रक्त का घटले, हे आधी शोधायला हवे. दुर्बिणीची तपासणी झाली आहे का? पोटात थोडे थोडे रक्त झिरपणे, वाढलेल्या प्लीहेत पेशी नष्ट होणे, फोलेट या जीवनसत्त्वाची कमतरता, यांपैकी काहीही असू शकते. आपल्या विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण मोठे आहे, त्यामुळे ती तपासणी आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) झाल्याशिवाय लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक अजिबात देऊ नका. शौच डांबरासारखी काळी झाली, रक्ताची उलटी झाली किंवा ते असंबद्ध बोलू लागले, तर सकाळची वाट न पाहता थेट आकस्मिक विभागात न्या.