मदत हवी आहे: काळ्या रानात रुतलेली गाडी काढायला हाताची विंच कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी,

राहायला सोलापुरात, जुळे सोलापूर भागात. शेत मंगळवेढ्याकडं, पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. गाडी जुनी थार, फोर-व्हील ड्राइव्ह. डांबरी सोडल्यावर दीड किलोमीटर पाणंद आहे, दोन्ही बाजूंना ज्वारीची रानं. आपल्याकडची काळी माती ज्यांनी पावसात तुडवली आहे त्यांना बाकी काही सांगायची गरज नाही.

गेल्या हस्तात त्या पाणंदीत गाडी फसली. वडील सोबत होते, वय ७२, साखरेचा त्रास. चिखल टायरच्या नक्षीत असा भरला की चारही चाकं गुळगुळीत झाली आणि जागेवरच फिरून खाली गेली. मी घाबरून आणखी रेस दिली, गाडी आणखी बसली. फोन करून ट्रॅक्टर यायला चार तास लागले, तोवर अंधार पडला. ट्रॅक्टरवाल्यानं साखळी बंपरला अडकवून हिसका मारला. बंपरचं ब्रॅकेट फाटलं आणि साखळीचा हूक सुटून वडिलांच्या अंगावरून, दोन हातांच्या अंतरानं, रानात गेला. काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हाच ठरवलं की पुन्हा हिसक्यानं गाडी काढायची नाही. हळू, ताणून, माझ्या हाताच्या ताब्यात राहील असं काहीतरी गाडीत हवं, म्हणजे हाताची विंच (तार किंवा साखळीनं ओढणारं यंत्र).

इलेक्ट्रिक विंचचा विचार करून सोडून दिला. पूर्ण भारावर ती १२ व्होल्टच्या बॅटरीतून तीन-चारशे अँपिअर ओढते, माझी बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही जुने. ती बसवायला पुढं लोखंडी बंपर लागतो, आणि २०१७ च्या डिसेंबरात केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं बुल बारवर कारवाई करायला राज्यांना कळवल्यापासून मला त्या भानगडीत पडायचं नाही. शिवाय ती फक्त पुढं ओढणार. मला बहुतेक वेळा आलो त्याच वाटेनं मागं निघायचं असतं.

आतापर्यंत तीन गोष्टी पाहिल्या:

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा रॅचेट पुलर, तारेचा, '४ टन' लिहिलेला. स्वस्त आणि हलका. पण तार जेमतेम दोन-अडीच मीटर.

लिव्हरचा चेन होइस्ट, ज्याला वर्कशॉपमध्ये पुल-लिफ्ट म्हणतात. दीड टनाचा पाहिला. मजबूत वाटला, पण साखळीची ओढ दीड मीटरच.

टिरफोर, म्हणजे दांडा मागंपुढं करून तार ओढणारं हाताचं मशीन. हे फक्त हायटेन्शन लाइनचं काम चालू असताना लांबून पाहिलंय, हातात घेतलेलं नाही.

कारखान्याजवळच्या भुईकाट्यावर गाडी नेऊन वजन करून घेतलं. आम्ही दोघं, डिझेल, ठिबकचं सामान धरून १९८० किलो भरली. म्हणून माझा हिशोब असा की दोन टन गाडी, तर दोन टनाची विंच पुरे. हे बरोबर आहे का? बजेट वीस हजारापर्यंत. एकट्याला, पावसात, अंधारात वापरता आलं पाहिजे. कुणी आपल्याच भागात वापरलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद (मोहोळहून):

दादा, वापसा आल्याशिवाय त्या पाणंदीत गाडी घालूच नका की. डांबरीवर लावायची आणि चालत जायचं. आमच्याकडं समदे तेच करतेत.

धागाकर्ता:

मी एकटा असलो तर तेच करतो. वडिलांना दीड किलोमीटर चिखलात चालवता येत नाही, आणि पेरणीच्या दिवसांत रान बघितल्याशिवाय त्यांना करमत नाही. त्यांना घरी बसवायचं माझ्या मनाला पटत नाही.

प्रतिसाद (बार्शीहून, टॉवर लाइनच्या कामावर सव्वीस वर्षं):

तुमचा दोन टनाचा हिशोब तिथंच चुकतोय. कोरड्या कठीण जमिनीवर दोन टनाची गाडी ओढायला वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढाही जोर लागत नाही. तीच गाडी चाकाच्या उंचीपर्यंत चिखलात रुतली की जवळजवळ तिच्या वजनाएवढा जोर लागतो. मडगार्डपर्यंत गेली तर दुप्पट, आणि गाडीचं अंगच चिखलात गेलं तर तिप्पट धरायचा. चढ असेल तर तो वेगळा. त्यामुळं विंच कितीची हे विचारण्याआधी फावडं कुठं आहे ते विचारा. चाकांपुढचा आणि डिफरन्शियलखालचा चिखल अर्धा तास काढला तर तीन टनाचं काम दीड टनावर येतं.

टिरफोरबद्दल. आत दोन जबड्यांच्या जोड्या असतात. एक जोडी तार धरून ठेवते, दुसरी जोडी पुढं सरकून तारेला नवीन जागी धरते, माणूस दोरखंडावर हातानं चढतो तसं. तार ड्रमवर गुंडाळायची नसते, मशीनमधून आरपार जाते, म्हणून तार जेवढी लांब तेवढी ओढ. तुमच्या कामाला १.६ टनवालं घ्या. मशीन अठराएक किलोचं आणि तार वेगळी. ०.८ टनवालं उचलायला सोपं आहे, पण त्याच्यानं तुमची गाडी निघणार नाही. पूर्ण भारावर दांड्यावर चाळीस-पन्नास किलोचा जोर लागतो आणि एका येरझारीत तार पाच-सात सेंटिमीटर सरकते. मीटरभर गाडी यायला पंधरा-वीस येरझाऱ्या. हे सावकाशपणच तुम्हाला हवंय.

ओढायचा दांडा वेगळा, सोडायचा वेगळा. तिसरी कळ जबडे उघडायची असते, ती ताणाखाली कधीही हलवायची नाही. दांड्यात शिअर पिना असतात, भार जास्त झाला की त्या तुटतात आणि मशीन वाचतं. पिन तुटून दांडा सैल पडला तरी तार जबड्यात धरलेली राहते, घाबरायचं नाही. दांड्याला पाइप लावून लांबी वाढवायची नाही. आमच्याकडं नवीन पोरं हीच चूक करायची.

तार त्या मशीनसाठी सांगितलेल्या जाडीची आणि बनावटीचीच घ्या. गॅरेजमधली कुठलीही तार घातली तर जबडे ती चिरडतात नाहीतर सोडतात. एका टोकाला हूक आणि दुसरं टोक निमुळतं, झाळलेलं असतं, नाहीतर ते आत शिरतच नाही. नायलॉनचा दोर यात चालत नाही.

प्रतिसाद (सोलापूर, एमआयडीसीत वर्कशॉप):

काकांचा मान राखून सांगतो, मी पुल-लिफ्टच घेईन. भार तोलायला ब्रेक असतो, दुरुस्ती कुठंही होते. दीड टनाचा आमच्याकडं रोज चालतो. ओढ कमी आहे खरी, पण मधे साखळीचा तुकडा लावून पुन्हा पुन्हा धरता येतं. '४ टन' लिहिलेल्या रॅचेट पुलरपासून मात्र लांब राहा. तो आकडा बहुतेक तार हुकातून दुहेरी घेतल्यावरचा असतो, म्हणजे हातात येणारी ओढ मीटरभराचीच. दाते पण बारीक असतात, आमच्याकडं दोनदा उडालेत.

धागाकर्ता:

पुल-लिफ्टचं पटतंय, पण एक अडचण आहे. माझ्या पाणंदीला बांधायला झाड कुठंय? एक बाभूळ आहे, फसलो होतो तिथून तीसेक पावलांवर. पुढं एक लिंब, तो तर दोनशे पावलांवर. मधे महावितरणचा खांब आहे. दीड-दीड मीटरनं साखळी धरायची म्हटली तरी दुसरं टोक कशाला?

प्रतिसाद (बार्शीहून):

खांबाला हात लावायचा नाही, त्याच्या ताणतारेला तर नाहीच. खांब कलला तर तार अंगावर येईल. विहिरीचं कठडं आणि बोअरचं केसिंगही नको.

आपल्या भागात खरा प्रश्न विंचचा नाहीच, खुंट्याचा आहे. टिरफोर सुचवलं ते याचसाठी. २० मीटर तार नेहमीची, आणि पुढं जोडायला तेवढा भार पेलणारा दोरखंड किंवा पट्टा घेतला की तुमची बाभूळ टप्प्यात येते. पट्टा बुंध्याशी, अगदी जमिनीजवळ बांधा, आणि रुंद पट्टाच घ्या, तारेनं साल कापली जाते. बारीक बाभळीवर भरवसा ठेवू नका. दोन्ही पंजांच्या पकडीत मावणारी म्हणजे बारीकच.

झाड नसेल तर पहारी. तीन पहारी ओढीच्या ओळीत, एकामागं एक मीटरभर अंतरानं, गाडीपासून उलट्या बाजूला किंचित कललेल्या. विंच पहिल्या पहारीच्या बुडाशी, तिचा माथा दुसरीच्या बुडाशी, दुसरीचा माथा तिसरीच्या बुडाशी बांधायचा. बांधाच्या मुरमात हे उत्तम टिकतं. ओल्या काळ्या मातीत पहारी लोण्यातून सुटतात तशा सुटतात, तिथं यावर विसंबू नका.

प्रतिसाद (माळशिरसहून):

काळ्या रानात स्टेपनी पुरा. उसाच्या ट्रेलरसाठी आम्ही हेच करतो. वरचा वीत-दीड वीत चिखल असतो, त्याच्याखाली कुदळच लागते, एवढी माती घट्ट. अडीच-तीन फूट खोल खड्डा, ओढीला आडवा. चाक त्यात उभं, तोंड गाडीकडं. चाकाच्या मधल्या भोकातून पट्टा घालून मागं पहार आडवी अडकवायची. पट्टा बाहेर यायला गाडीच्या बाजूला तिरका चर काढायचा, सरळ वर काढला तर चाक उपटून येतं. मग माती भरून पायानं तुडवायची. एका माणसाला पाऊण तास लागतो. आणि गाडीच्या चाकांखाली पाचट, तुऱ्हाट्या, गोणपाट जे मिळंल ते. आधी हवा पण कमी करा, १५-१८ पीएसआयवर आणा. अर्ध्या वेळा तेवढ्यानंच निघती गाडी.

प्रतिसाद (पुण्याहून, माझी जिप्सी):

एक स्नॅच ब्लॉक, म्हणजे बाजू उघडून तार आत घालता येते अशी कप्पी, घ्याच. टिरफोर आणि तारेचं टोक दोन्ही खुंट्याकडं, कप्पी गाडीच्या चेसिसच्या टो-हुकाला. १.६ टनाच्या मशीननं घर्षण वजा जाऊन तीनेक टन गाडीवर येतात. पण तार निम्मीच पुरते, २० मीटरची नऊ-दहा मीटर, येरझाऱ्या दुप्पट, आणि ते तीनही टन तुमच्या खुंट्यावर येतात हे विसरू नका. कप्पी झाडाला लावून नुसती दिशा बदलली तर जोर वाढत नाही, उलट त्या झाडावर दुप्पट ताण येतो.

बो-शॅकल (पट्टा, तार जोडायची, पिन लावून बंद होणारी लोखंडी कडी) वजनमर्यादा कोरलेले घ्या, ३.२५ किंवा ४.७५ टनांचे. बंपर आणि मागचा टोइंगचा गोळा कधीही नाही. ताणलेल्या तारेवर मधोमध ओलं गोणपाट किंवा जुनी गोधडी टाका, चामड्याचे हातमोजे घाला, आणि बाकी सगळ्यांना तारेच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा. वडिलांना गाडीतही बसवू नका.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी):

सगळ्यांचे मनापासून आभार. एका ओळखीच्या ठेकेदाराकडून जुनं १.६ टनाचं टिरफोर दोन दिवसांसाठी आणलं आणि पाणंदीत मुद्दाम पाणी सोडून गाडी रुतवली. उजेडात, दुपारी, वडील बांधावर लांब खुर्चीत.

पहिल्यांदा पहारी ठोकून पाहिल्या. काकांनी सांगितलं तेच झालं, ताण येताच पहिली पहार वाकून बाहेर. मग स्टेपनी पुरली. खड्ड्याला पाऊण नाही, एक तास दहा मिनिटं लागली. वडिलांनी खुर्चीतूनच चर किती तिरका पाहिजे ते सांगितलं, त्यांनी बैलगाड्या अशाच काढलेल्या आहेत म्हणे, मला आजवर माहीत नव्हतं. चाकांपुढचा चिखल काढला, हवा १६ वर आणली, कप्पी न लावताच ओढायला घेतलं. बावीस येरझाऱ्यांत गाडी सव्वा मीटर मागं आली आणि पुढं स्वतःच्या चाकांवर निघाली. एकदाही हिसका नाही. तार गुणगुणत होती तेवढीच.

आता नवीन टिरफोर, २० मीटर तार, एक कप्पी, दोन पट्टे, चार शॅकल आणि एक चांगलं फावडं असं घेतोय. वजन पाहता मागची एक सीट काढावी लागेल, ती काढतो.

दोन प्रश्न उरलेत. परत करताना मशीनमध्ये चिखल गेलेला दिसला, साफ कसं करायचं? आणि शिअर पिन रानात तुटली आणि जवळ दुसरी नसली तर तात्पुरतं काय घालावं?

प्रतिसाद (बार्शीहून):

चिखल वाळू देऊ नका. रॉकेल किंवा डिझेलमध्ये बुडवून दोन्ही दांडे हलवत राहा, काळं पाणी यायचं थांबेपर्यंत. मग निथळून भरपूर तेल सोडा, जबड्यांना तेलाचं भय नाही, ते कोरडे पडले तर अडकतात. फक्त ग्रॅफाइट किंवा मॉलिब्डेनमवालं वंगण नको, त्यानं तार घसरते. तार गुंडाळताना पिळ पडू देऊ नका, आणि कुठं तुटके तंतू दिसले तर ती तार बाद.

पिनेच्या जागी काहीही घालायचं नाही. खिळा नाही, बोल्ट नाही, वेल्डिंगची काडी नाही. विकत घेतानाच त्याच कंपनीच्या सहा-आठ पिना मागून घ्या आणि गाडीच्या डॅशबोर्डात ठेवा. बऱ्याच मॉडेलमध्ये दांड्याच्या मुठीतही जादा पिना असतात, दुकानातच उघडून बघा. पिन तुटलीच तर आधी थांबा, फावडं घ्या, गाडी कशात अडकली आहे ते शोधा. मग नवी पिन घाला.

आणि वडिलांना माझा नमस्कार सांगा. चर तिरका पाहिजे हे ज्यांना माहीत आहे अशी माणसं आता फार राहिली नाहीत.