जुन्या झाडावर करवत चालवण्याआधी वृक्षतज्ज्ञ बोलवावाच

सावली:
आठ वर्षांपूर्वी दारातलं जुनं झाड ‘हलकं’ करून घेतलं. शेंडा उतरवला, जाड फांद्या मध्येच कापल्या. वर्षभरात झाड असं तरारून फुटलं की आम्ही खूश. परवाच्या वाऱ्यात त्याच फुटव्यांपैकी एक, आता मांडीएवढा जाड झालेला, सोलल्यासारखा निघून खाली आला. नशिबाने खाली कोणी नव्हतं. त्याचं बूड पाहिलं तर जोड जेमतेम दोन बोटं खोल. मागचं जुन्या कापाचं लाकूड नखाने उकरलं, तर ओल्या भुशासारखं गळून पडलं.

कापणाऱ्याला दोष देत नाही, तसं मीच सांगितलं होतं. पण शिकलेला वृक्षतज्ज्ञ बोलावला असता तर त्याने मला थांबवलं असतं. रोपटं खुशाल स्वतः छाटा. पूर्ण वाढलेल्या झाडाचा निर्णय मात्र जाणकाराशिवाय घेऊ नये, असं माझं ठाम मत झालंय.

करवत:
असहमत. आमच्या घरात दोन पिढ्या हेच काम. कुठली फांदी भार घेईल, कुठली दगा देईल हे पायाला कळतं. दोर बांधून तीस फुटांवर बसल्यावर प्रमाणपत्र कामाला येत नाही. आणि जंगलात कोण जातं छाटायला?

रानगवत:
जंगलात फांदी पडली तर जमिनीवर पडते. घराजवळच्या झाडाखाली मूल खेळत असतं. ही तुलनाच चुकीची आहे.

वलयं:
करवत, तुमच्या कौशल्याबद्दल आदरच आहे. पण काही गोष्टी वर चढूनही दिसत नाहीत. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड त्या भागाभोवती भिंती घालून कूज आत कोंडतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. अमेरिकी वनखात्यातले संशोधक अलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून हे तपासलं. त्यांची मांडणी १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातून कापायची जागाच बदलली. फांदी खोडाला मिळते तिथे साल किंचित फुगलेली असते, तिला कॉलर म्हणतात. पूर्वी खोडाला सपाट कापणं म्हणजे सफाईचं काम समजत. त्यात कॉलरच जाते आणि कुजीला थेट खोडात वाट मिळते. लांब खुंट ठेवला तर तोही कुजतो. काप कॉलरच्या जरासा बाहेर हवा. जड फांदीला आधी खालून खाच, मग थोडं पुढे वरून काप, आणि भार उतरल्यावर शेवटचा काप. नाहीतर पडताना ती खोडाची साल हातभर सोलत नेते. वर डांबर किंवा रंग फासून कूज थांबत नाही.

सावली, तुमचं झाड तरारलं ती खरं तर त्याची धडपड होती. पानं गेली की झाड उपाशी पडतं, मग सालीखालचे सुप्त डोळे घाईने फुटतात. मूळची फांदी वर्षानुवर्षं खोडाच्या लाकडात गुंफत वाढते. हे फुटवे फक्त बाहेरच्या थराला धरून असतात.

करवत:
वडील ‘गळा सोडून काप’ म्हणायचे, तो गळा म्हणजे हीच कॉलर. म्हणजे अनुभवातूनही कळतं ना? माझी खरी तक्रार वेगळी आहे. तज्ज्ञ येतो, पाच मिनिटं बघतो, ढोली दिसली की ‘धोकादायक’ लिहून देतो, आणि तोडायचं कामही त्याच्याच माणसांना मिळतं.

सावली:
हे मान्य. तपासणारा आणि तोडणारा शक्यतो वेगळा हवा. पण ढोली म्हणजे मरण नव्हे, बाहेर धड लाकूड किती उरलंय त्यावर सगळं ठरतं. परवा आलेल्या वृक्षतज्ज्ञ बाई आधी बुंध्याभोवती गुडघ्यांवर बसून माती पाहत फिरल्या. मग हातोडीने टकटक करत गेल्या: एका बाजूला भरीव आवाज, दुसऱ्या बाजूला रिकाम्या डब्यासारखा. तिथेच, मुळाशी, एक टणक तपकिरी भूछत्र होतं. मी इतकी वर्षं तिथून जाते, मला दिसलं नव्हतं. आता ध्वनिलहरींच्या यंत्राने आतली पोकळी मोजायची आहे. झाड पाडा असं त्या म्हणाल्या नाहीत. फुटवे दोन-तीन वर्षांत थोडे थोडे विरळ करू म्हणाल्या, कारण जुनं झाड एका वेळी फार पानं गमावून सावरत नाही.

अंगण:
मुळांबद्दल कोणीच बोलत नाही. आमच्या झाडाला करवत लागलीच नाही. पाइपसाठी बुंध्यापासून सहा फुटांवर चर खणला, मुळं खोल असतील असं धरून. बहुतेक मुळं वरच्या दोनेक फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात, हे नंतर कळलं. तीन वर्षांनी शेंडा वाळला. तज्ज्ञ तेव्हा बोलावला, पण वेळ गेली होती.

वलयं:
करवत, इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर या वृक्षतज्ज्ञांच्या संस्थेच्या परीक्षेला बसायलाच साधारण तीन वर्षं कामाचा अनुभव लागतो, या विषयातलं शिक्षण असेल तर कमी. ती तुमच्यासारख्यांनीच द्यावी. बाकीच्यांना सांगतो, येणाऱ्याला आधी विचारा, ‘शेंडा उडवून द्याल का?’ लगेच हो म्हणाला तर परत पाठवा. राखायच्या झाडावर खिळ्यांचे बूट घालून चढणाऱ्यालाही.

करवत:
खिळ्यांचे बूट आम्ही पाडायच्या झाडालाच घालतो. परीक्षेचं बघतो. पण एक हट्ट राहीलच: वर चढणाऱ्याला विचारल्याशिवाय काप ठरवू नका. बेचक्यातली भेग खालून दिसत नाही.

सावली:
हे बाईंना सांगते. शनिवारी चढणारा येतोय. करवत हातात घेण्याआधी त्याला एकदा नुसतं वर जाऊन बघायला लावू.