'कंट्रोलर'ला मराठीत काय म्हणाल?

कोराकागद: एका प्रदर्शनाच्या माहितीफलकाचं भाषांतर करतोय. २००१ साली बर्लिनच्या आलेक्झांडरप्लात्झ चौकात 'ब्लिंकनलाइट्स' हा दिव्यांचा कलाप्रयोग झाला. एका जुन्या इमारतीच्या वरच्या आठ मजल्यांवर दर खिडकीमागे एक दिवा, एकूण १४४. लोक मोबाइलवरून फोन लावून त्या भिंतीवर पाँग हा चेंडू टोलवायचा जुना व्हिडिओ गेम खेळत. म्हणजे फोन हाच कंट्रोलर. मी 'नियंत्रक' लिहिलं. संपादक ताईंनी खोडलं, "परीक्षा नियंत्रक डोळ्यांसमोर येतात." दुसरा शब्द सुचवा.

रानवारा: ताईंचं पटलं. नियंत्रक म्हणजे खुर्चीतला माणूस. 'कळ' म्हणा. कळफलक रुळला, हेही रुळेल.

तिठा: कळ दाबायची असते हो. २००६ चा वी रिमोट घ्या, म्हणजे निन्टेंडोच्या वी या व्हिडिओ गेम यंत्राचा हातात धरायचा कंट्रोलर. तो नुसता हलवला तरी आतल्या त्वरणमापकाला, म्हणजे हालचाल मोजणाऱ्या सेन्सरला, कळतं. टीव्हीपाशी ठेवायच्या पट्टीला सेन्सर बार म्हणतात, पण तिच्यात नुसते इन्फ्रारेड दिवे. बघणारा कॅमेरा रिमोटच्या टोकाला. म्हणून तर कलाकारांना तो ब्लूटूथने लॅपटॉपला जोडून हवा तसा वापरता आला. आणि २०१० च्या किनेक्टमध्ये कॅमेराच खेळणाऱ्याची हालचाल टिपतो, हातात काहीच नाही. तिथे कळ कुठून आणणार?

रानवारा: कळ म्हणजे नुसतं बटण नव्हे. कळसूत्री बाहुल्या विसरलात? माझं आजोळ कुडाळचं. पिंगुळीच्या ठाकर कलाकारांचा खेळ अगदी पुढे बसून पाहिलाय. बोट जरासं वाकलं की बाहुलीची मान वळायची. तीच कळ.

ओटीवरून: मग 'सूत्र' घ्या ना. सूत्र प्रेक्षकाच्या हाती. 'कळ' वाचून मला पोटातलीच आठवते.

मोगरी: सरळ रिमोट म्हणा. पुण्यात एका प्रदर्शनात फोन तिरका केला की पडद्यावरचं पाणी कलायचं. आईने फोन निरांजनाच्या तबकासारखा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "सांडेल गं." तिचं काही अडलं नाही.

रानवारा: अडत नाही म्हणून सोडलेलेच शब्द मरतात, मोगरीताई. टीव्ही बंद करायचा तो रिमोट. तुमच्या आईच्या हातात त्या वेळी पाणी होतं. त्याला रिमोट म्हणणं फार तोकडं आहे.

मोगरी: आणि कळ म्हटलं तर आईला काय कळेल? आमच्या घरी 'जरा कळ काढ' म्हणजे धीर धर.

तिठा: आमच्याकडे 'त्यानेच कळ काढली' म्हणजे भांडण उकरलं!

ओटीवरून: आणि 'कळ लावणारा नारद'? ही कळ कलहातली, बटणाची वेगळी.

रानवारा: वेगळी कशी? दाबली की पेटतेच. मुळात एकच असणार.

ओटीवरून: अर्थ जुळला म्हणून मूळ एक होत नाही. आधी कोशातल्या दोन्ही नोंदी वाचा, मग बोलू.

कोराकागद: फलक उद्या छापायला जातोय. तूर्त 'फोनवरून खेळत' एवढंच ठेवू का?

तिठा: ओटीवरून, पोटातली कळ मग तिसरी धरायची का?