‘द सोप्रानोज’चा काळा पडदा: कला की पळवाट?

बिनसाखरेचा चहा:
गेल्या आठवड्यात ‘द सोप्रानोज’ ही अमेरिकी मालिका संपवली. सहा सीझन, ८६ भाग. न्यू जर्सीतला माफिया टोनी सोप्रानो शेवटी एका आइस्क्रीमच्या दुकानात बायकामुलांची वाट बघत बसलाय. बायको येते, मुलगा येतो, टेबलावर अनियन रिंग्ज येतात. मुलगी बाहेर गाडी लावतेय, पण गाडी काही जागेत बसत नाही. दाराची घंटा वाजते, टोनी वर बघतो आणि पडदा काळा. चालू गाणंही ओळीच्या मधेच तुटतं. मला वाटलं लॅपटॉप हँग झाला, दोनदा स्पेसबार दाबला. मग नामावली आली.

१० जून २००७ ला अमेरिकेत हा भाग लागला तेव्हा कित्येकांना ऐन वेळी केबल गेली असंच वाटलं होतं. लोक जाम चिडलेही. मला मात्र हाच शेवट हवा होता. टोनी मेला की वाचला हे कळलं असतं, तर चार दिवसांत विसरून गेलो असतो. तुम्हाला काय वाटतं?

लोअर बर्थ:
असहमत. पंगतीला बसवायचं, मठ्ठ्यापर्यंत सगळं वाढायचं आणि जिलबी यायच्या वेळी दिवे घालवायचे. वर म्हणायचं, चव तुमची तुम्हीच ठरवा!

आमची आई एक मालिका न चुकता बघायची. टीआरपी पडला, चॅनेलने दोन भागांत गाशा गुंडाळला. त्यातला हरवलेला नवरा हरवलेलाच राहिला. आई अजून विचारते, त्याचं काय झालं रे? त्याला कुणी ‘खुला शेवट’ म्हटलं नाही. साहेबाच्या भाषेत केलं की लगेच कला?

तिरकी रेघ:
जिलबीवर हसलो. पण गुंडाळणं वेगळं आणि हे वेगळं. तो प्रसंग पुन्हा लावा आणि फक्त घंटेकडे लक्ष द्या. घंटा वाजते, टोनीचा चेहरा दिसतो, मग त्याला जे दिसतं ते आपल्याला दिसतं. दार, आत येणारा माणूस. हे सारखं घडतं, इतकं की आपल्याला सवय लागते. शेवटची घंटा वाजते, टोनीचा चेहरा दिसतो, आणि आता त्याला जे दिसणार ते... काळं. त्याच सीझनच्या उत्तरार्धाच्या पहिल्या भागात तळ्यावर, बोटीत बसून त्याचा मेहुणा बॉबी म्हणालेला असतो की आपली वेळ येते तेव्हा बहुधा काही ऐकूही येत नसेल. शेवटाच्या आदल्या भागात ती आठवण मुद्दाम परत दाखवलीय. ज्याला शेवट सुचला नाही तो एवढी तयारी करेल?

लोअर बर्थ:
अहो, मग तो मेला! तुम्हीच सिद्ध केलंत. त्यात संदिग्ध काय उरलं? सरळ दाखवायचं सोडून प्रेक्षकाला गुप्तहेर कशाला करायचं? आणि डेव्हिड चेस, ज्याने हा भाग लिहिला आणि दिग्दर्शितही केला, त्याने वर्षानुवर्षं उत्तर टाळलं. शेवटी २०२१ च्या एका मुलाखतीत म्हणालाच की टोनीच्या मरणाचा एक वेगळा प्रसंग त्याच्या डोक्यात आधी होता. म्हणजे झाकली मूठ त्यालाही पेलली नाही.

बिनसाखरेचा चहा:
तो काय म्हणाला ते बाजूला ठेवू. पडद्यावर काय आहे? जॅकेट घातलेला एक माणूस मुलाच्या पुढून आत येतो, काउंटरवर बसतो, टोनीकडे चोरून बघतो आणि टॉयलेटमध्ये जातो. मारेकरी असेल. नाहीतर पोट बिघडलेलं गिऱ्हाईक असेल. टोनीला दोन्ही धरूनच चालावं लागतं, रोज, प्रत्येक दाराला. पाच मिनिटं मीही तसाच बसलो होतो, रिंग तोंडात न घालता.

खारे दाणे:
इतकं ओरडताय, पण वेताळ आठवतो ना? बाप एका परक्या मुलीशी लग्न करतो, त्याचा मुलगा तिच्या आईशी, मग त्यांच्या पोरांचं आपसात नातं काय? तिथे विक्रम गप्प बसतो. उत्तरच नाही. आणि वेताळ खूश होतो तो नेमका तिथेच.

बाकी ‘लॉस्ट’ या मालिकेबद्दल लोअर बर्थ यांना पूर्ण पाठिंबा. तिथे सहा सीझन कोडी पेरली आणि बरीचशी तशीच शेतात सोडली.

लोअर बर्थ:
वेताळ मान्य, पण त्याआधी प्रत्येक गोष्टीचं उत्तर विक्रमाने दिलं होतं हो! हिशोब चुकता करून मग एक बाकी.

असो. काल रात्री आईला तो शेवटचा प्रसंग दाखवला. इंग्रजी तिला कळत नाही, टोनी कोण हेही सांगितलं नव्हतं. पडदा काळा झाल्यावर केबलवाल्याला शिव्या घालेल असं वाटलं होतं. तिने चष्मा काढला आणि विचारलं, “ती गाडी लावणारी पोरगी, पोचली का आत?”

मी म्हटलं, माहीत नाही.

“परत लाव,” म्हणाली.