वाड्यातील दप्तर : काय ठेवावे, कोणाकडे द्यावे?

कृष्णाकाठ :
सातारा जिल्ह्यातील आमच्या वाड्याच्या माळ्यावर मोडी कागदांचे काही रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. घराण्याकडील कुलकर्णी वतन, म्हणजे गावचे हिशेब लिहिण्याचा वंशपरंपरागत हक्क, १९५० च्या कायद्याने संपले. त्यानंतरच्या काळातील आजोबांच्या रोजनिश्या आणि गावच्या सोसायटीच्या कीर्द-खतावण्याही तेथेच पडून आहेत. वाडा लवकरच उतरवायचा असल्याने सनदा (वतन-इनामाची हक्कपत्रे) तेवढ्या जपाव्यात आणि हिशेबाचे कागद रद्दीत घालावेत, असे घरच्यांचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

जुना दप्तरी :
हिशेब रद्दीत घालू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. सनदांची चौकशी इनामांचे हक्क तपासणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या इनाम कमिशनने एकोणिसाव्या शतकातच केली होती आणि त्या कमिशनचे दप्तर पुण्याच्या पुरालेखागारात आहे, त्यामुळे तुमच्या सनदेची नोंद तेथे मिळण्याचा संभव बराच आहे. पण कोणत्या बलुतेदाराला किती धान्य मिळाले, कर्जाला जामीन कोण राहिले, कोणत्या वर्षी सारा थकला, हे तुमच्या गावापुरते बहुधा याच कागदांत सापडेल. ज्या घरांकडे स्वतःचे दप्तर कधीच नव्हते, त्यांच्या पूर्वजांची नावे वतनदाराच्या हिशेबातच आढळतात. म्हणून हे दप्तर एका घराण्यापेक्षा गावाचे अधिक आहे. रुमाल सोडून कागद तारीखवार लावण्याचा मोहही टाळावा, कारण कोणता कागद कशाबरोबर बांधला होता, हादेखील पुरावाच असतो.

शाईदौत :
वरील मताशी सहमत आहे. जतनाबाबत एवढेच सांगतो की हातकागदावरील काजळाची शाई सहसा टिकते. खरा धोका विसाव्या शतकातील गिरणी-कागदाला आहे, कारण त्यातील आम्लामुळे तो पिवळा पडून ठिसूळ होतो. म्हणून छायाचित्रे आधी रोजनिश्यांची घ्यावीत. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी कटाक्षाने टाळावी.

पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ यांच्याकडे अशी दप्तरे आहेत. कोणाकडेही कागद देताना संग्रह एकत्र राहील, त्याची यादी होईल आणि छायाप्रती कुटुंबाला मिळतील, हे लेखी ठरवून घ्यावे. तोंडी आश्वासनावर दिलेल्या दप्तराचा पुढे ठावठिकाणा लागत नाही, हे मी पाहिले आहे.

माणदेशी :
एका बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. सोसायटीच्या वह्यांत ज्यांची थकबाकी लिहिलेली असेल, त्यांची मुले-नातवंडे आज त्याच गावात राहत असतील. त्या वह्या आणि रोजनिश्या संस्थेला द्याव्यात, पण काही वर्षे सर्वांसाठी खुल्या करू नयेत, अशी अट घालता येते. शिवाय सोसायटी अजून चालू असेल, तर वह्यांची मालकी तिचीच ठरेल. आधी तिला विचारावे.

कृष्णाकाठ :
सर्वांचे आभार. सोसायटी चालू आहे, त्यामुळे प्रथम तिच्या सचिवांना पत्र लिहितो. रुमाल न सोडता वाड्याबाहेर हलवून कोरड्या खोलीत ठेवू. रोजनिश्यांत बरीच माणसे केवळ टोपणनावांनी येतात. ती ओळखणाऱ्या आत्या आता नव्वदीच्या घरात आहेत, तेव्हा छायाचित्रे काढतानाच त्यांना शेजारी बसवून नावे लिहून घ्यावीत, असा विचार आहे.